तपकिरी डाग, चुकलेला नेम : यकृताच्या कर्करोगातल्या ‘मेट’ प्रथिनाचं प्रकरण

टिव्हँटिनिब हे औषध तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत फसल्याचं फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झालं, तपशील मागाहून आले. सगळे मिळून ३४० रुग्ण होते, सगळ्यांना यकृताचा पुढे गेलेला कर्करोग. २२६ जणांना औषध दिलं होतं, ११४ जणांना औषधासारखीच दिसणारी पोकळ गोळी. औषधाच्या गटातले निम्मे रुग्ण ८.४ महिन्यांच्या आत गेले. पोकळ गोळीच्या गटात हाच आकडा ९.१ महिने निघाला. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरायचाच नसतो, त्यामुळे औषधाने आयुष्य कमी केलं असं कुणी म्हणणार नाही. पण वाढवलंही नाही.

यकृताच्या कर्करोगात फसलेल्या औषधांची यादी चाललेल्या औषधांपेक्षा कितीतरी लांब आहे, तेव्हा आणखी एक फसलं याचं नवल नाही. तरी मी हे प्रकरण विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते, कारण इथे वरवर पाहता सगळं बरोबर होतं. ज्या प्रथिनावर या औषधाने नेम धरला ते, म्हणजे मेट, कर्करोग पसरवण्यात खरोखर सामील होतं आणि त्याचा पुरावा दोन-तीन दशकांचा होता. रुग्णसुद्धा सरसकट घेतले नव्हते. ज्यांच्या गाठीत हे प्रथिन भरपूर आहे असेच निवडले होते. मग गाडी रुळावरून उतरली कुठे?

चिकटून बसलेल्या पेशी सुटतात कशा

मेट हे यकृतपेशीच्या आवरणात आरपार घुसलेलं प्रथिन आहे. त्याचं एक टोक बाहेर डोकावतं, दुसरं पेशीच्या आत असतं. नाव ऐकून विद्यार्थी हमखास सांगतात की हे ‘मेटास्टॅसिस’वरून, म्हणजे कर्करोगाच्या शरीरभर पसरण्यावरून आलं असणार. तसं नाही. १९८४ मध्ये हाडाच्या कर्करोगाच्या पेशींवर मिथाइल गटाचं एक रसायन टाकलं असताना हे जनुक हाती लागलं, आणि त्या रसायनाच्या नावातली पहिली अक्षरं त्याला कायमची चिकटली. योगायोग मात्र असा की ठरवून ठेवलं असतं तरी याहून चपखल नाव सुचलं नसतं.

मेटचं बाहेरचं टोक एकाच पाहुण्याची वाट बघत असतं. त्याचं नाव एचजीएफ, म्हणजे यकृतपेशींना वाढायला लावणारा घटक. त्याचा शोध अगदी वेगळ्या वाटेने लागला. प्रयोगशाळेतल्या उंदराचं यकृत दोन-तृतीयांश कापून काढलं तरी आठवड्या-दहा दिवसांत ते जवळपास मूळ वजनाला येतं. अशा उंदराच्या रक्तात यकृतपेशींना ‘वाढा’ म्हणून सांगणारं काहीतरी असतं, ते जपानमध्ये तोशिकाझु नाकामुरा यांनी त्याच सुमारास वेगळं काढलं. तिकडे ब्रिटनमध्ये मायकेल स्टोकर या शास्त्रज्ञांना वेगळंच काही दिसत होतं. तंतुपेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या तो द्रव दुसऱ्या पेशींच्या वसाहतीवर ओतला की ती वसाहत विस्कटायची. म्हणून त्या अनोळखी घटकाला नाव पडलं स्कॅटर फॅक्टर, पांगवणारा. १९९१ मध्ये उलगडा झाला की वाढवणारा आणि पांगवणारा हा एकच रेणू आहे, आणि तो ज्याला येऊन धरतो ते प्रथिन म्हणजे मेट.

हा पांगवण्याचा प्रयोग एकदा तरी डोळ्यांनी पाहावा. यासाठी बहुतेक वेळा कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ताटलीत अंगणात फरशा बसवाव्यात तशा कडेला कडा लावून बसलेल्या असतात. दोघींच्या मधली रेघ चमकते. संध्याकाळी एचजीएफचे काही थेंब टाकून घरी जायचं. सकाळी येऊन बघावं तर फरशी उखडलेली. कडेच्या पेशी लांबुळक्या झालेल्या, एकीला पुढे पाय फुटल्यासारखा पदर आलेला, दुसरी तिघी-चौघींना सोडून पार ताटलीच्या मोकळ्या भागात जाऊन बसलेली. पेशी मेलेल्या नसतात, फक्त एकमेकींना सोडून चालू लागलेल्या असतात.

आत काय घडतं ते असं. एचजीएफ येऊन धरला की दोन मेट रेणू एकमेकांजवळ येतात आणि आतल्या टोकावर एकमेकांना फॉस्फेट लावतात, आधी १२३४ आणि १२३५ क्रमांकाच्या टायरोसिनवर (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी), मग १३४९ आणि १३५६ वर. या शेवटच्या दोन जागा म्हणजे सामान उतरवायचा धक्का समजा. गॅब-१ आणि इतर निरोपे प्रथिनं तिथे येऊन लागतात आणि पुढे निरोप तीन-चार दिशांना जातो. त्यातला एक निरोप केंद्रकापर्यंत पोचून ई-कॅडहेरिन बनवायचं काम मंद करतो. ई-कॅडहेरिन हेही पेशीच्या पृष्ठभागावरचंच प्रथिन. शेजारणीचा हात धरून ठेवणारं. तो हात सुटतो. मग इंटिग्रिन नावाची आणखी काही पृष्ठभागावरची प्रथिनं बाहेरच्या जाळीला नव्या ठिकाणी पकडतात, जाळी विरघळवणारी विकरं बाहेर पडतात, आणि पेशीला वाट मिळते.

यकृतात ही वाट फार लांबची नसते. यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेने येतं आणि या कर्करोगाला त्या शिरेच्या फांद्यांत शिरण्याची भारी खोड. शिरेत शिरलेला गठ्ठा यकृतातच पुढे कुठेतरी अडकतो, म्हणून मुख्य गाठीभोवती लहान-लहान उपगाठी दिसतात. यकृताच्या शिरेतून हृदयाकडे गेलेल्या पेशी फुफ्फुसात उतरतात. शांघायमध्ये एकाच रुग्णाच्या गाठीपासून काढलेले दोन पेशीवंश २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, एमएचसीसी-९७-एच आणि एमएचसीसी-९७-एल. पहिला टोचलेल्या सगळ्या उंदरांच्या फुफ्फुसात पसरला, दुसरा ४० टक्के उंदरांत. एकाच माणसाची गाठ, तरी पेशींच्या चालण्यात इतकी तफावत. मेटवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत यातला जास्त पसरणारा वंश अजून सर्रास वापरला जातो, कारण त्यात मेट जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या स्नॉरी थॉरगायर्सन यांच्या गटाने माणसांच्या गाठींत मेटच्या हुकमावर चालणाऱ्या जनुकांचा ठसा शोधला. ज्या गाठींत तो ठसा होता त्या जास्त आक्रमक निघाल्या.

पण मेटला नुसतं खलनायक ठरवता येत नाही. उंदरांच्या भ्रूणातून मेट काढून टाकलं तर यकृत पुरतं वाढत नाही आणि भ्रूण दगावतो. पायांत जाऊन स्नायू बनणाऱ्या पेशी मुक्कामाला पोचतच नाहीत. मोठ्या उंदराच्या फक्त यकृतपेशींतून ते काढलं आणि मग कर्करोग करणारं रसायन दिलं, तर गाठी कमी होण्याऐवजी लवकर झाल्या. रोग सुरू होण्याआधी हे प्रथिन यकृताची राखण करतं आणि गाठ झाल्यावर तिच्याच कामी येतं. या दुहेरी स्वभावाचा उल्लेख औषध कंपन्यांच्या सादरीकरणांत सहसा एखाद्या ओळीत आटपतो. मला तो पहिल्या पानावर हवा असं वाटतं.

रिकामी जागा आणि एक उमेदवार

२००७-०८ मध्ये सोराफेनिब आलं. पुढे गेलेल्या यकृताच्या कर्करोगात आयुष्य वाढवणारं हे पहिलं औषध. ६०२ रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुष्य, म्हणजे ज्याच्या आत निम्मे रुग्ण जातात तो काळ, ७.९ वरून १०.७ महिन्यांवर गेलं. आपल्याकडे हे नाव वैद्यकाइतकंच कायद्याच्या वर्गात घेतलं जातं. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचं हे औषध ८,८८० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय दिलेला, मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला दिला. भारतातला तसा तो पहिलाच परवाना.

सोराफेनिबचा असर ओसरला की पुढे काय, याला तेव्हा उत्तर नव्हतं. त्या रिकाम्या जागेसाठी आर्क्यूल या अमेरिकी कंपनीने टिव्हँटिनिब पुढे आणलं. मेटला शांत अवस्थेतच धरून ठेवणारं नेमकं औषध, अशी त्याची ओळख करून दिली होती.

दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०१३ मध्ये छापून आली. १०७ रुग्ण, ७१ औषधावर, ३६ पोकळ गोळीवर. सगळे एकत्र धरले तर रोग पुढे सरकायला १.६ महिने विरुद्ध १.४ महिने, म्हणजे जेमतेम. पण बायोप्सीत मेट जास्त असलेले रुग्ण वेगळे काढले तेव्हा चित्र पालटलं. त्यांच्यात औषधावर मध्यक आयुष्य ७.२ महिने, पोकळ गोळीवर ३.८. जवळजवळ दुप्पट! या एका आकड्यावर पुढची मोठी चाचणी उभी राहिली.

त्या आकड्यामागे माणसं किती होती? औषधाकडे २२, पोकळ गोळीकडे १५. पंधरा जण. त्यातल्या चार-पाच जणांचं यकृत आधीच थकलेलं असलं, आणि सिरोसिसच्या, म्हणजे यकृत निबर झालेल्या रुग्णांत ते असतंच, तर ३.८ हा आकडा कर्करोगाबद्दल बोलतोय की यकृताबद्दल, हे सांगणं कठीण.

स्लाइडवर काय दिसतं

आता माझ्या कामाचा, म्हणजे स्लाइड वाचण्याचा भाग. ‘मेट जास्त’ हे ठरवलं कसं? बायोप्सीचा सुईएवढा तुकडा मेणात बसवतात, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात, त्यावर मेटला चिकटणारं प्रतिपिंड सोडतात आणि जिथे ते चिकटेल तिथे रंग उमटवतात. केंद्रकं निळी, मेट तपकिरी. किमान निम्म्या कर्करोगपेशींवर मध्यम किंवा गडद तपकिरी रंग दिसला तर ‘जास्त’, नाहीतर ‘कमी’.

कागदावर हा नियम स्वच्छ वाटतो. खुर्चीत बसून स्लाइड सरकवायला लागलं की डावीकडचा कोपरा चहाच्या चोथ्यासारखा गडद, मधला भाग फिका, उजवीकडे फक्त पेशीच्या कडेला बारीक तपकिरी रेघ आणि आत काही नाही. मध्यम म्हणजे किती मध्यम? निम्म्या म्हणजे ४५ टक्के की ५५? दोन अनुभवी माणसं एकाच तुकड्याला वेगवेगळ्या कप्प्यात टाकू शकतात, आणि टाकतात. शिवाय हा तुकडा अख्ख्या गाठीतला एक कण असतो. यकृतातल्या गाठी एकाच यकृतात एकमेकींपासून वेगळ्या निघतात.

पण हे सगळं किरकोळ. मूळ अडचण प्रतिपिंडातच होती. एसपी-४४ हे ते प्रतिपिंड, आणि त्याच्या विक्रीच्या नावातच ‘टोटल’ असा शब्द आहे. एकूण मेट. फॉस्फेट लागलेलं असो की नसो, जागं असो की झोपलेलं, ते सगळ्यांना सारखंच रंगवतं. घरात किती माणसं आहेत हे त्यावरून कळतं. भांडण कोण करतंय हे कळत नाही. एखाद्या गाठीत मेट खच्चून भरलेलं असेल, पण ती गाठ पसरत असेल दुसऱ्याच कुणाच्या जोरावर, तर मेट बंद करून काय हाती लागणार?

आणखी एक कोडं नंतर उलगडलं. त्याच दुसऱ्या टप्प्यातल्या बायोप्सी पुन्हा तपासल्या तेव्हा सोराफेनिब घेण्याआधी काढलेल्या तुकड्यांत मेट जास्त असण्याचं प्रमाण ४० टक्के होतं, सोराफेनिबनंतर काढलेल्यांत ८२ टक्के. म्हणजे तपकिरी रंग हा रोगाचा कायमचा स्वभाव नव्हता, आधीच्या उपचारालाही तो साथ देत होता. तुकडा कुठल्या महिन्यात काढला यावर रुग्ण कुठल्या गटात बसेल हे काही अंशी ठरत होतं.

तुरिनमधून आलेला निरोप

टिव्हँटिनिबच्या या दोन्ही चाचण्यांचं नेतृत्व मिलानजवळच्या एका रुग्णालयातले डॉक्टर करत होते. मेटवर हयातभर काम केलेल्या पाओलो कोमोलिओ यांची संस्था तुरिनजवळ. दोन शहरांतलं अंतर मुंबई-पुण्याइतकं. २०१३ मध्ये तुरिनच्या गटाने एक साधा प्रयोग छापला. मेटच्या जोरावर जगणाऱ्या पेशी एका बाजूला, ज्यांत मेट अजिबात नाही अशा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींवर मेटची ओळखीची औषधं टाकून पाहिली. इतर औषधांनी पहिल्या पेशी मारल्या, दुसऱ्यांना हात लावला नाही. टिव्हँटिनिबने दोन्ही सारख्याच मारल्या. शिवाय मेटवरचं फॉस्फेट जसंच्या तसं राहिलं. त्याच वर्षी टोकियोतल्या एका गटानेही स्वतंत्रपणे त्याच दिशेचं सांगितलं: पेशी मरतात त्या केवळ मेट बंद झाल्यामुळे नव्हेत.

मग कशामुळे? पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका असतात, टिव्हँटिनिब त्यांना बिघडवत होतं. पुढे तर हेही दिसलं की ट्युब्युलिन या प्रथिनावर कोल्चिसिन जिथे बसतं तिथेच हे बसतं. कोल्चिसिन आपल्याला परकं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी, तिच्या कंदातलं विष ते हेच. ज्याला अत्यंत नेमकं म्हणून नावाजलं ते औषध कळलावीच्या वाटेने काम करत होतं, म्हणजे एका जुन्या धाटणीच्या केमोथेरपीसारखं.

आणि हे रक्त तपासणारा प्रत्येक जण आधीपासून बघत होता. दुसऱ्या टप्प्यातच रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घसरू लागल्या होत्या. डोस ३६० मिलिग्रॅमवरून २४० वर आणावा लागला, चार रुग्ण त्याच कारणाने दगावले. तिसऱ्या टप्प्यात तो १२० पर्यंत खाली गेला. मेटवर नेमकेपणाने बसणाऱ्या औषधांचा हा दुष्परिणाम नव्हे. अस्थिमज्जेतल्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मार बसला की पांढऱ्या पेशी पडतात, आणि तो मार सूक्ष्मनलिकांच्या विषाचा. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा साधा अहवाल सांगत होता की औषध दुसरीकडे लागतंय.

इथे मला कुणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. मोठ्या चाचणीत पहिला रुग्ण २०१२ च्या डिसेंबरमध्ये दाखल झाला होता, तुरिनचा लेख त्यानंतर आला. धावत्या गाडीला ब्रेक लावणं सोपं नसतं. तरी २०१५ पर्यंत रुग्ण दाखल होत राहिले, त्यातल्या प्रत्येकाने बायोप्सी सोसली, आणि त्यांना सांगितलेलं औषधाच्या कामाचं स्पष्टीकरण त्या वेळेपर्यंत वादग्रस्त झालेलं होतं. संमतीपत्रातली ती ओळ बदलायला हवी होती, असं माझं मत आहे.

मोठ्या चाचणीतला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा पोकळ गोळीकडचा. दुसऱ्या टप्प्यात मेट जास्त असलेले पोकळ गोळीवरचे रुग्ण ३.८ महिने जगले होते. इथे, त्याच निकषावर निवडलेले, त्याच पोकळ गोळीवरचे, ९.१. बदललं होतं ते औषध नव्हे, ज्याच्याशी तुलना करायची तो खांबच जागचा हलला होता. पंधरा जणांच्या गटावर बांधलेला इमला पेलला नाही, एवढाच त्याचा अर्थ. जपानमध्ये १९५ रुग्णांवर घेतलेली वेगळी चाचणीही फसली. रोग पुढे सरकायला २.८ महिने विरुद्ध २.३.

मेट सुटलं का

२०१८ मध्ये कॅबोझँटिनिबची चाचणी छापून आली. ७०७ रुग्ण, १०.२ महिने विरुद्ध ८.० महिने. हे औषध मेटला खरोखर बंद करतं, पण त्याच्या जोडीला रक्तवाहिन्यांच्या वाढीचा रिसेप्टर (वाढीचा निरोप झेलणारं प्रथिन) आणि ॲक्सल नावाचं आणखी एक पृष्ठभागावरचं प्रथिनही बंद करतं. या चाचणीत मेट बघून कुणाला निवडलं नव्हतं. रक्तातली मेटची पातळी मागाहून मोजली, तेव्हा फायदा जास्त पातळीवाल्यांना झाला तसा कमीवाल्यांनाही झालेला दिसला. औषध चाललं, पण त्यातला मेटचा वाटा किती हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

दुसरा धागा फार लहान आहे. कॅपमॅटिनिब हे खरोखर नेमकं मेटविरोधी औषध. २०१९ मध्ये छापलेल्या त्याच्या एका छोट्या चाचणीत मेटचा निकष मध्येच कडक करण्यात आला. त्या कडक निकषात बसणारे रुग्ण होते अवघे दहा. त्यातल्या तिघांच्या गाठी आकसल्या, आणि त्यांतल्याच एकाची तर स्कॅनवर दिसेनाशी झाली. मेट जनुकाच्या प्रती खरोखर वाढलेल्या असतील अशा गाठी यकृताच्या कर्करोगात शंभरात जेमतेम दोन-चार सापडतात, आणि त्या शोधायच्या तर तपकिरी रंग पुरत नाही, केंद्रकात जनुकाचे ठिपके मोजावे लागतात. एका स्लाइडला अर्धा-पाऊण तास जातो. या रोगात बहुतेक रुग्णांची बायोप्सी होतच नाही, कारण सिरोसिस असलेल्या यकृतातली गाठ स्कॅनवरच ओळखता येते आणि सुई घातली की रक्तस्रावाची भीती असते. तेव्हा ते दोन-चार जण माझ्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत.